कांडी कोळशाचं प्रशिक्षण: आठव्या दिवशी परत जा

तुम्ही लिहिलंय की तीस शेतकऱ्यांना मक्याची बुरकुंडं आणि पऱ्हाट्यांपासून कांडी कोळसा शिकवला, म्हणजे माल पिंपात जाळून कोळसा करायचा आणि त्याची भुकटी खळीत मळून, दाबून कांड्या पाडायच्या. दोन दिवस उत्साहात गेले आणि महिन्याभरात पिंपं गंजत पडली. आता कांड्या दाबायचं यंत्र घ्यावं का, हा तुमचा प्रश्न.

यंत्राचं नंतर बघू. आधी वेळापत्रक बदला. कांड्या वाळायला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणजे दोन दिवसांच्या शिबिरात कुणालाच आपली कांडी पेटलेली दिसत नाही. जे पेटलेलं पाहिलं नाही, ते घरी जाऊन कोण करणार? दोन दिवस काम, मग आठव्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा जमायचं आणि ज्याने त्याने आपली कांडी जाळून बघायची.

एका पिंपामागे पाच-सहा जण, त्याहून जास्त नकोत. पिंप २०० लिटरचं, तळाला ५ सेंटीमीटरची पाच-सहा भोकं, वर ३० सेंटीमीटरचं तोंड. कीटकनाशकाचं किंवा रसायनाचं पिंप फुकट मिळालं तरी घेऊ नका. पिंप तीन दगडांवर ठेवून सुका माल सैलसर भरा. बुरकुंडं आणि पऱ्हाट्या एकत्र नकोत: बारीक माल जळून राख होतो तोवर जाड माल आतून तपकिरीच राहतो.

पेटवल्यावर खरं शिकवायचं ते धूर वाचणं. आधी दाट पांढरा धूर येतो, ती मालातली ओल. मग तो पिवळसर आणि जड होतो. आता तोंडाशी जाळ धरला की धूरच पेट घेतो. ज्वाळा खाली बसल्या, धूर विरळ झाला आणि माल निम्म्यावर आला, की लगेच दगड काढून पिंप जमिनीवर टेकवा, बुडाभोवती ओली माती लावा, वर पत्रा ठेवून त्याच्याही कडा लिंपा. घड्याळावर विसंबू नका, ओल आणि वारा रोज वेगळे असतात. पिंप बंद कधी करायचं ते प्रत्येक गटालाच ठरवू द्या. एखादी भट्टी बिघडली तर उत्तम. उशीर झाला की हाती राख येते, घाई झाली की तपकिरी, न मोडणारे तुकडे. चांगला कोळसा कट्कन मोडतो.

पिंप रात्रभर उघडू नका; आत निखारा असेल तर हवा लागताच सगळा माल पेटतो. उतारा सुक्या मालाच्या १५ ते २५ टक्के धरा.

दुसऱ्या दिवशी भुकटी. कुटायचं ते ताडपत्रीवर, कारण जमिनीवरून गोळा केलेल्या भुकटीत माती येते आणि कांडी धगधगण्याऐवजी राखेखाली विझते. १० किलो भुकटीला ६०० ग्रॅम पिष्टमय पीठ घ्या. आधी थंड पाण्यात कालवा, मग ५ लिटर उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. ही खळ कच्ची राहिली की कांड्यांचा चुरा होतो, आणि लोक उगाच पीठ वाढवत बसतात. खळ थोडी थोडी घालत मळा. मुठीत दाबलेला गोळा उघड्या तळहातावर अखंड राहिला आणि बोटांमधून पाणी गळलं नाही, की मिश्रण जमलं.

पाइपच्या तुकड्यात दाबून पाडलेल्या कांड्या पहिला दिवस सावलीत ठेवा, मग उन्हात. थेट कडक उन्हात ठेवल्या तर बाहेरून आवळतात आणि तडकतात. ढगाळ हवेत बुरशी धरते. वाळलेली कांडी कमरेइतक्या उंचीवरून टाकली तर तुटता कामा नये.

आठव्या दिवशी जाळताना उघड्यावर जाळा आणि हे ठासून सांगा: धूर दिसत नाही म्हणजे वायू नाही असं नव्हे. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत ऊब म्हणून शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावतात.

आता यंत्र. सध्या पाइपचा तुकडा आणि त्यात बसणारा लाकडी दांडा पुरे. गट तुमच्याशिवाय आठवड्याला दोन पिंपं लावू लागला आणि दाबायला हात अपुरे पडू लागले, की यंत्र घ्या.