फँटसी, फॅन्सी, फॅन आणि आपली प्रतिभा

एका वाचकाचा प्रश्न आहे: चित्रप्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत ड्रॅगनबिगन असलेल्या 'फँटसी आर्ट'ला 'काल्पनिक चित्रकला' म्हटले होते, ते बरोबर आहे का? माझा मुलगा त्याच चित्रांना 'फॅन्सी आर्ट' म्हणतो, ते तर चूकच ना? आणि अशा चित्रांच्या, कथांच्या चाहत्यांचे संमेलन, म्हणजे 'कॉन', त्याला मराठीत काय म्हणायचे?

'काल्पनिक चित्रकला' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. काल्पनिक म्हणजे जे नाही ते. काल्पनिक भीती, काल्पनिक शत्रू. सरकारी कागदांत 'काल्पनिक वेतनवाढ' असते, ती कागदावर लागते आणि हातात काही पडत नाही. चित्र तर समोर भिंतीवर टांगलेले आहे. नसलाच तर त्यातला ड्रॅगन नाही. शिवाय आठवणीतून फळांची टोपली रंगवली तर तीही काल्पनिकच की! जो शब्द टोपली आणि ड्रॅगन वेगळे करू शकत नाही, तो काय कामाचा?

मुलाचे मात्र ऐका. तो चुकलेला नाही, निदान पूर्ण चुकलेला नाही. इंग्रजीत 'फँटसी'चाच उच्चार आखडत पंधराव्या शतकात 'फॅन्सी' झाला. दोन शब्द नाहीत, एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. पुढे एक रूप साहित्यात गेले, दुसरे दुकानात. आपल्याकडे ते आले ते फॅन्सी साडी, फॅन्सी नंबर आणि शाळेच्या गॅदरिंगमधला फॅन्सी ड्रेस होऊन, त्यामुळे त्याचे घराणे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता मूळ पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. ग्रीक शब्द 'फान्तासिया'. त्यामागे दिसणे, प्रकट होणे या अर्थाचे क्रियापद आहे. ॲरिस्टॉटल आत्म्यावरच्या ग्रंथात स्वतःच सांगतो की हा शब्द 'फाओस'वरून, म्हणजे प्रकाशावरून आला, कारण प्रकाशाशिवाय दिसत नाही. याच फाओसवरून 'फोटो' आला. म्हणजे फँटसी आणि फोटो ही सख्खी भावंडे! एकाला आपण खोटे समजतो, दुसऱ्याला पुरावा.

आणि हा ग्रीक धातू म्हणजे आपला संस्कृत 'भा', प्रकाशणे. भाति, प्रभा, भानू, भास्कर, भास, आभास. 'मला भास झाला' हे मराठी वाक्य ॲरिस्टॉटलच्या फान्तासियाचे जवळजवळ तंतोतंत भाषांतर आहे. पण मला ज्याने रात्रभर जागे ठेवले तो शब्द पुढचा: प्रति + भा = प्रतिभा. जे मनासमोर एकदम उजळते ते. काश्मीरच्या अभिनवगुप्त या पंडिताने तिची व्याख्या केली, 'अपूर्ववस्तुनिर्माणक्षमा प्रज्ञा', पूर्वी नव्हती अशी वस्तू निर्माण करू शकणारी बुद्धी. फँटसीची याहून नेमकी व्याख्या मला तरी भेटलेली नाही. अथेन्स आणि काश्मीर, मध्ये तेराशेच्या आसपास वर्षांचे अंतर, आणि दोन्हीकडे कल्पनाशक्तीला नाव दिले ते एकाच धातूवरून, उजेडाच्या.

म्हणूनच कोलरिज या इंग्रज कवीशी माझे भांडण आहे. १८१७ साली त्याने 'इमॅजिनेशन'ला सिंहासनावर बसवले आणि 'फॅन्सी'ला खालच्या पायरीवर. ती म्हणे नवे काही घडवत नाही, आठवणीतले तुकडे फक्त इकडचे तिकडे करते. समीक्षकांच्या पिढ्या हे घोकत आल्या. जो शब्द मुळात प्रतिभेचा सख्खा नातेवाईक, त्याला हमालाचे काम दिले. शब्दाचे मूळ बाजूला ठेवून केलेली ही वाटणी मला अजिबात मान्य नाही.

ही प्रकाशाची गोष्ट नुसती शब्दांची नाही. हॅनेस बॉक या अमेरिकी चित्रकाराची रंगवण्याची रीत पाहा. मॅक्सफील्ड पॅरिश या दुसऱ्या चित्रकाराकडून त्याने ती घेतली होती. चित्रफलकाच्या पांढऱ्या जमिनीवर पारदर्शक रंगाचा पातळ थर, तो वाळला की वर दुसरा, मग तिसरा. उजेड सगळ्या थरांतून आत जातो, पांढऱ्या जमिनीवर आपटतो आणि रंगांतून गाळून बाहेर येतो. चित्र आतून पेटल्यासारखे दिसते. काम फार वेळखाऊ. याच बॉकची चित्रे १९३९ साली लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कला बसने नेली ती अठरा वर्षांच्या रे ब्रॅडबरीने, पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजला त्याने, तिकिटाचे पैसे उसने घेऊन. तिथे पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले होते. चित्रे त्याने 'वीअर्ड टेल्स' या अद्भुतकथांच्या मासिकाच्या संपादकाला दाखवली आणि त्याच डिसेंबरात बॉकचे चित्र मुखपृष्ठावर आले. पुढे १९५३ साली विज्ञानकथांच्या क्षेत्रातले ह्यूगो पुरस्कार सुरू झाले, तेव्हा मुखपृष्ठकाराचा पहिला पुरस्कार बॉक आणि एड एम्शविलर या दोघांना मिळून मिळाला.

त्या १९३९च्या संमेलनाला माणसे जेमतेम दोनशे. सन्माननीय पाहुणा कोण? लेखक नव्हे, चित्रकार! फ्रँक आर. पॉल, ऑस्ट्रियात जन्मलेला, 'अमेझिंग स्टोरीज' या विज्ञानकथा मासिकाचा १९२६चा पहिला अंक ज्याच्या चित्राने बाहेर पडला तो. आणि मर्टल डग्लस या बाईंनी पॉलच्या चित्रांतले भविष्यातले कपडे खरेच शिवले, स्वतःसाठी आणि फॉरेस्ट ॲकरमन या विज्ञानकथाप्रेमी मित्रासाठी. केप लावून दोघे न्यूयॉर्कात हिंडले. संमेलनात वेश केलेले ते दोघेच. पुढच्या वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशांचा रीतसर कार्यक्रमच ठेवला गेला. आज ज्याला कॉस्प्ले म्हणतात त्याची ही पहाट. कागदावरचा भास अंगावर आला.

आता 'फॅन'. त्याबद्दल कुणी विचारलेले नाही, पण फॅनशिवाय कॉन कसली? कोश उघडा, उत्तर ठरलेले: 'फनॅटिक'चे लघुरूप. लॅटिन 'फानुम' म्हणजे देऊळ, 'फानातिकुस' म्हणजे देवळात ज्याच्या अंगात येते तो. व्युत्पत्ती रंगतदार आहे, आणि म्हणूनच लोकांना ती सोडवत नाही. पण हा 'फॅन' रुळला कुठे? १८८९च्या सुमारास, अमेरिकेत, बेसबॉलच्या मैदानावर. आणि त्याआधी कितीतरी वर्षे इंग्लंडात मुष्टियुद्धाच्या प्रेक्षकवर्गाला एक नाव होते: 'द फॅन्सी'. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पिअर्स ईगन हा पत्रकार मुष्टियोद्ध्यांवर लिहितो ते याच 'फॅन्सी'साठी. कबुतरे पाळणाऱ्यालाही इंग्रजीत 'फॅन्सिअर'च म्हणतात.

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. कोल्हापुरात खासबागेच्या मैदानाभोवती बसलेल्यांना आपण काय म्हणतो? कुस्तीशौकीन. कबुतरवाल्याला? कबुतरांचा शौकीन. शौक आणि फॅन्सी, अर्थ अगदी तोच, योजनाही तीच, आणि जागाही तीच, आखाडा. खेळाच्या प्रेक्षकांना खेळाच्याच जगातले जुने नाव चिकटले असणार, हे मला देवळातल्या घुमण्यापेक्षा कितीतरी स्वाभाविक वाटते. कोशकार 'फॅन्सी'ला फार तर 'प्रभाव असू शकतो' एवढ्या ओळीवर बोळवतात. निर्णायक पुरावा माझ्याकडे नाही, पण त्यांचा 'फनॅटिक'सुद्धा 'बहुधा' लावूनच येतो, हे त्यांचे वाचक विसरतात. माझे मत पक्के आहे: फॅन हा फॅन्सीचा, म्हणून फँटसीचा, म्हणून 'भा'चा.

तर मूळ प्रश्न. 'फँटसी आर्ट'ला 'अद्भुतचित्रे' म्हणा, कलाप्रकार सांगायचा तर 'अद्भुतचित्रकला'. अद्भुत हा भरताच्या नाट्यशास्त्रापासूनचा रस आहे, त्याचा स्थायीभाव विस्मय, आणि बॉकच्या चित्रापुढे उभे राहिल्यावर होतो तो विस्मयच. 'प्रतिभाचित्रे' म्हणायला मला आवडले असते, पण प्रतिभा आता कवींच्या सत्कारात अडकली आहे. मुलाने 'फॅन्सी आर्ट' घरात खुशाल म्हणावे, पत्रिकेत नको. मराठीत फॅन्सी म्हणजे झगमगीत, आणि वाचणारा साड्यांचे प्रदर्शन समजून येईल.

'कॉन' हे 'कन्व्हेन्शन'चे लघुरूप. लॅटिन 'कोन' म्हणजे एकत्र, आणि 'वेनिरे' म्हणजे येणे. हा 'वेनिरे' आपल्या 'गम्'चा नातलग. म्हणजे हुबेहूब 'समागम', पण तो शब्द आता 'संतसमागमा'बाहेर वापरायची सोय उरलेली नाही. मला 'मेळा' पसंत आहे. गणेशोत्सवातल्या मेळ्यांत मुले एकसारखे पोशाख करून गाणी म्हणत, नाट्यप्रवेश करत. वेश, गाणे, गर्दी, सगळे त्या शब्दात आधीपासून आहे. अद्भुतमेळा.