चेहरा हवा की टोपी? घरच्या कॅमेऱ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

गणपती आणि दिवाळीच्या आगेमागे या सदराकडे येणारी पत्रं एकाच विषयाची असतात: घर बंद ठेवून जायचंय, कॅमेरा कोणता घेऊ? कंपनीचं नाव मी सांगत नाही. एप्रिल 2025 पासून देशात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे; तिचं प्रमाणपत्र एसटीक्यूसी ही सरकारी यंत्रणा देते. तेव्हा बुधवार पेठेत खरेदीला जा नाहीतर ऑनलाइन मागवा, 'या मॉडेलला एसटीक्यूसीचं प्रमाणपत्र आहे का' एवढं विचारा. त्यापुढचे प्रश्न कॅमेरा कुठे लावायचा आणि कशासाठी, याचे आहेत.

कोथरूडला जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, वॉचमन नाही. गणपतीत 12 दिवस कोकणात गावी जाणार आहोत. 15 हजारांत किती कॅमेरे बसतील?

आधी दार. 'कडी-कोयंडा उचकटून चोरटे आत शिरले' हे बातमीतलं वाक्य वर्षानुवर्षं बदललेलं नाही, कारण आपले कोयंडे बदललेले नाहीत. पाऊण इंची स्क्रूवर बसवलेला कोयंडा कटावणीच्या एका हिसक्यात निघतो, त्यात अडकवलेलं कुलूप कितीही भारी असो. शिवाय बाहेर लोंबणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला घरात कोणी नसल्याचं सांगतं. दाराच्या आत बसणारं, दोन-तीन ठिकाणी चौकटीत खटके जाणारं कुलूप बसवून घ्या. चौकटीवरची पट्टी लांब स्क्रूंनी घट्ट करा. लोखंडी सेफ्टी डोअर नसेल तर आधी ते. ड्राय बाल्कनीचं ग्रिल आणि संडासाच्या खिडकीच्या काचपट्ट्याही तपासा, डक्टमधल्या पाइपांवरून माणूस चढतो. यात निम्म्याहून जास्त पैसे गेले तरी हळहळू नका.

उरलेल्या पैशांत एक कॅमेरा, पण नीट जागी. लोक तो हमखास स्वतःच्या दाराच्या डोक्यावर, छताला चिकटवून लावतात. त्यात चोराची टोपी उत्तम दिसते. तुमच्या इमारतीत लिफ्ट नाही, म्हणजे वर यायचं ते जिन्यानेच. जिना चढणारा माणूस शेवटच्या चार पायऱ्यांवर मान वर करून मजल्याकडे बघतोच. कॅमेरा जिन्याच्या तोंडाकडे वळवून सात फुटांच्या आसपास लावा, चेहरा समोरून मिळेल. दाराच्या बाजूला छातीच्या उंचीवर बसणारी व्हिडिओ डोअरबेल हेच काम करते, फक्त ती सहज उपटता येते.

थोडं गणित करू. चेहरा ओळखू यायला चित्रात दर मीटर रुंदीला साधारण 250 पिक्सेल लागतात असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. नुसतं 'कोणीतरी आलं' एवढं कळायला 25 पुरतात. 2 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र 1920 पिक्सेल रुंद असतं. म्हणजे चेहरा हवा असेल तर साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य घेऊन चालत नाही. 2.8 मिमीची लेन्स एवढी रुंदी तीन मीटरवरच व्यापते, 3.6 मिमीची चार मीटरच्या आसपास, 6 मिमीची सात मीटरवर. पॅसेजला 2.8 पुरेशी आहे, फाटकाला नाही. लेन्स बदलून काम होत असताना लोक दुप्पट मेगापिक्सेलला पैसे देतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता तुमच्या 12 दिवसांविषयी. असा एक कॅमेरा सतत रेकॉर्डिंग करत राहिला तर चित्रण दाबून कमी जागेत बसवणाऱ्या एच.265 पद्धतीतही दिवसाला 20 जीबीच्या आसपास जागा खातो. 128 जीबीचं कार्ड सहाव्या दिवशी भरतं आणि जुन्यावर नवं लिहायला लागतं. प्रतिष्ठापनेच्या रात्री झालेली चोरी तुम्ही विसर्जन करून परत येईपर्यंत पुसली गेलेली असेल. 'माणूस दिसल्यावरच रेकॉर्डिंग' हा पर्याय चालू करा किंवा 512 जीबीचं, सीसीटीव्हीसाठी बनवलेलं कार्ड घाला. पेपर आणि दूध बंद करायला विसरू नका. दारात साठलेले चार पेपर वाचायला चोराला कॅमेरा लागत नाही.

खोटे, नुसते लाल दिवा लुकलुकणारे कॅमेरे लावले तर? (बिबवेवाडी)

भुरटा कदाचित टळेल. सराईत ओळखेल: खऱ्या कॅमेऱ्याचा लाल दिवा सहसा लुकलुकत नाही आणि खऱ्याला कुठूनतरी वायर येते. त्या पैशांत जिन्यात माणसाच्या हालचालीवर लागणारा एलईडी दिवा बसवा.

सहकारनगरला आमचा बंगला आहे. चार कॅमेरे आहेत, दिवसा चित्र झकास. रात्री मात्र पांढरं धुकं, आणि माणूस जवळ आला की त्याचा चेहरा भुतासारखा पांढराफटक. बसवणारा म्हणतो कॅमेरे बदला.

बदलू नका, आधी झाडू घ्या. रात्री कॅमेरा स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण लेन्ससमोरच्या कोळ्याच्या जाळ्याला तो लख्ख उजळतो. जवळची भिंत, पत्र्याची पन्हळ, जास्वंदाची फांदी, सगळं तो प्रकाश परत फेकतं आणि कॅमेरा गोंधळून बाकीचं चित्र काळं करतो. पावसाळ्यात त्या उबेला किडे येतात, किड्यांमागे पाली येतात, आणि पहाटे तीनला तुमच्या मोबाइलवर 'हालचाल आढळली' येतं. दर पंधरा दिवसांनी मऊ फडकं फिरवा, फांदी छाटा, कॅमेरा भिंतीपासून जरा पुढे काढा. काचेच्या आतून दव दिसत असेल तर रबरी सील गेलंय. तो एक कॅमेरा मात्र बदलावा लागेल.

पांढरा पडणारा चेहरा हा जास्त प्रकाशाचा दोष आहे. मेनूमध्ये 'स्मार्ट आयआर' (माणूस जवळ आला की अवरक्त प्रकाश आपोआप कमी करणारा पर्याय) असेल तर चालू करा. फाटकावर रात्रभर एक साधा पांढरा दिवा ठेवलात तर कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाशाची गरजच उरत नाही, चित्र रंगीत राहतं आणि शर्टाचा रंग पोलिसांना सांगता येतो. चारांपैकी किमान एका कॅमेऱ्याला 6 मिमीची लेन्स घालून तो फक्त फाटकावर रोखा. बाकीचे तीन आवार बघतील.

आणि डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, कुठे आहे? हॉलमध्ये टीव्हीखाली असेल तर आजच हलवा. चोर जाताना तो उचलून नेतात किंवा वायर तोडून फोडतात, मग चारही कॅमेरे बसवल्याचा उपयोग शून्य. माळ्यावर किंवा कुलूपबंद कपाटात ठेवा, हवा खेळती राहील असं बघा, आणि फाटकाच्या कॅमेऱ्याची क्लिप क्लाउडवरही जाऊ द्या.

मी सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. एका सभासदांनी पॅसेजमध्ये कॅमेरा लावलाय, समोरच्या काकू म्हणतात माझं दार उघडलं की हॉल दिसतो. दोघंही रोज मला गाठतात.

काकूंचं म्हणणं रास्त आहे. पॅसेज सोसायटीच्या मालकीचा, त्यामुळे तिथे काही लावायचं तर कमिटीची लेखी परवानगी हवी. स्वतःचं दार राखण्याचा हक्क सभासदाला आहे, शेजारणीच्या हॉलवर नजर ठेवण्याचा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय. 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने राहत्या घरात सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय लावलेल्या कॅमेऱ्यांविरुद्ध निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पेठांतल्या सामायिक वाड्यांत राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

कोर्टाच्या पायरीपर्यंत जायची मात्र गरज नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत 'प्रायव्हसी मास्क' असतो. काकूंच्या दारावर काळा चौकोन ओढा, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा आणि काकूंना मोबाइलवर ते चित्र प्रत्यक्ष दाखवा. हे दाखवणं महत्त्वाचं, नुसतं 'दिसत नाही हो' म्हणून कोणाचं समाधान होत नाही. त्याहून बरं म्हणजे सोसायटीनेच प्रत्येक जिन्याला एक कॅमेरा लावावा आणि चित्रण कोण, केव्हा, कोणाच्या परवानगीने बघणार ते ठरावात लिहावं.

मी अमेरिकेत असते. आई-बाबा नारायण पेठेत दोघंच राहतात. घरात वायफाय कॅमेरे लावले तर ते हॅक होतात म्हणे. खरं का?

होतात, आणि बहुतेकदा मालकाच्या आळसामुळे. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक वापरून बघत. तेव्हा पासवर्ड बदला, राउटरचाही. ॲपला ओटीपीची दुसरी पायरी लावा. बसवायला आलेल्या माणसाच्या मोबाइलवर खातं उघडू देऊ नका. पुण्यात हे सर्रास चालतं आणि वर्षानंतरही तुमचा हॉल त्याला दिसत असतो. राउटरमधलं 'यूपीएनपी' बंद करा, त्यामुळे घरातली यंत्रं तुम्हाला न विचारता बाहेरच्या इंटरनेटला वाट उघडून देतात. तीच वाट हाताने उघडणं म्हणजे 'पोर्ट फॉरवर्डिंग'; ते 'करून देतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा.

कॅमेरा मुख्य दाराच्या आतल्या बाजूला एक, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एक, एवढे पुरेत. झोपायच्या खोलीत नको. आणि आई-बाबांना विचारून लावा! मुलगी दिवसभर बघतेय या विचाराने बाबा हॉलमध्ये बनियनवर बसायचे थांबले, तर तो कॅमेरा महिन्याभरात टॉवेलखाली जाईल.

एक गोष्ट परदेशातली मुलं विसरतात. अलर्ट तुम्हाला आला, पुढे काय? तिकडून 112 फिरवलात तर पुण्याचा नियंत्रण कक्ष लागत नाही. जवळच्या पोलीस ठाण्याचा लँडलाइन क्रमांक +91 20 लावून सेव्ह करा, त्यावर एकदा फोन करून तो लागतो का बघा. खालच्या मजल्यावरच्या दोन शेजाऱ्यांचे नंबरही हवेत. एकाचा नको, तो नेमका पर्वतीवर फिरायला गेलेला असतो.

आमच्याकडे गुरुवारी वीज जाते ती चार-पाच तास. तेव्हा कॅमेरे बंदच. यूपीएस चालेल? (धनकवडी)

संगणकाचा छोटा यूपीएस फार तर तासभर. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून 45 वॅटच्या आसपास घेतात. त्या यूपीएसमधली 12 व्होल्ट, 7 ॲम्पिअर-तासांची बॅटरी कागदावर 84 वॅट-तासांची, हातात त्याहून बरीच कमी. घरात इन्व्हर्टर असेल तर डीव्हीआर, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस आणि राउटर, तिन्ही त्याच्या लाइनवर घ्या. इलेक्ट्रिशियन पहिले दोन घेतो आणि राउटर विसरतो. मग रेकॉर्डिंग होतं, पण मोबाइलवर काही येत नाही. वीज आल्यावर डीव्हीआरचं घड्याळ बघा. आतली बटणबॅटरी संपली असेल तर ते भलत्याच सालात जाऊन बसतं.

हडपसरला आमच्या फ्लॅटमध्ये भरदुपारी चोरी झाली. सोसायटीच्या कॅमेऱ्यात दोघं दिसतात. आता नेमकं काय करू? दागिन्यांचे पैसे विम्यातून मिळतील का?

हे छापून येईपर्यंत तुमचे काही दिवस गेलेले असतील, म्हणून पहिलं काम: सोसायटीच्या डीव्हीआरवर जुनं पुसलं जायच्या आत त्या दिवसाचं चित्रण काढून घ्या. टीव्हीच्या पडद्यावरून मोबाइलने काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवायला ठीक, पुरावा म्हणून लंगडा. डीव्हीआरमधूनच 'एक्सपोर्ट' करा, चोरीच्या आधीचे दोन-तीन दिवसही घ्या. टेहळणी करायला माणसं आधी येऊन गेलेली असतात, कधी कुरिअरवाला म्हणून, कधी फ्लॅट भाड्याने आहे का विचारायला. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे आहे ते मोबाइलशी ताडून लिहून ठेवा. रस्त्यावरच्या इतर कॅमेऱ्यांशी जुळवताना पोलिसांना हे लागतं. असं चित्रण पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यावर यंत्राचा ताबा असलेल्याची, म्हणजे सोसायटीच्या पदाधिकाऱ्याची सही लागेल. त्यांना आधीच सांगून ठेवा. ते घाबरतात.

फिर्याद दिली नसेल तर लगेच द्या. बंद घर फोडून चोरी झाली की सहसा भारतीय न्याय संहितेची 331 आणि 305 ही कलमं लागतात. फिर्याद घ्यायची की नाही हे पोलीस ठाण्याच्या मर्जीवर नाही, ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ज्यांच्याकडे अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी: दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊन कपाटं आवरू नका. बाहेरूनच 112 फिरवा, ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कशाला हात लावू नका.

विम्याचं उत्तर तुमच्या पॉलिसीत आहे. गृहकर्जाबरोबर घेतलेली 'भारत गृह रक्षा' असेल तर ती मुळात आगीची पॉलिसी आहे. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तिच्यात येते, एरवीची घरफोडी नाही. त्यासाठी वेगळं घरफोडी संरक्षण घ्यावं लागतं, आणि त्यातही दागिन्यांची यादी आधी दिलेली असावी लागते. दागिने लॉकरमध्ये ठेवले तरी बँकेवर पूर्ण किमतीची जबाबदारी येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमानुसार चोरी झाली तर भरपाईची मर्यादा वार्षिक भाड्याच्या 100 पट आहे. तुमच्याकडे घरफोडीचं संरक्षण असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा आणि सराफाच्या पावत्या शोधा. पावती सापडत नसेल तर त्याच दुकानात जुन्या बिलाची नक्कल मागा, पेठेतल्या बऱ्याच सराफांकडे ती निघते. लग्नाच्या अल्बममध्ये तो दागिना घातलेला फोटो असेल तर त्याचीही प्रत अर्जाला जोडा.