ईजीआर व्हॉल्व्ह बंद केल्याने गाडीचा पिकअप परत येतो का?

प्रश्न : माझी डिझेल गाडी आठ वर्षांची असून सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. गेल्या काही महिन्यांत तिचा पिकअप पार गेला आहे. कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर थबकते, मग गचका देऊन पुढे जाते आणि मागून काळा धूर सोडते. उभी असताना इंजिन थरथरते आणि चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो. आमच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की ईजीआर व्हॉल्व्हच्या (जळका वायू इंजिनात परत सोडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी पत्र्याची चकती बसवून तो कायमचा बंद करावा आणि इंजिनाच्या संगणकातूनही ती व्यवस्था काढून टाकावी. मग गाडी नव्यासारखी पळेल आणि ॲव्हरेजही वाढेल. माझ्या एका मित्राने हे करून घेतले असून तो समाधानी आहे. मीही करून घ्यावे का?

उत्तर : करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मेकॅनिकचा संशय मात्र योग्य जागी आहे, कारण आपण लिहिलेली लक्षणे उघड्या स्थितीत अडकून बसलेल्या ईजीआर व्हॉल्व्हशी बरोबर जुळतात. माझा आक्षेप त्यांनी सुचवलेल्या उपायाला आहे, आणि तो का, हे समजण्यासाठी हा व्हॉल्व्ह काय काम करतो ते आधी पाहू.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कशाच्याही वाटेला जात नाही. परंतु सिलिंडरमधील ज्वलनाचे तापमान साधारण १४०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले, की त्याचा ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग होऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते श्वासनलिकेला दाह करतात, उन्हात इतर प्रदूषकांशी मिसळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतात आणि आम्लपर्जन्यालाही हातभार लावतात. हे टाळण्यासाठी सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूचा काही भाग परत इंजिनात घेतला जातो. त्या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ जास्त असल्यामुळे ज्वलन जरा संथ होते आणि त्याचे कमाल तापमान उतरते. किती वायू परत घ्यायचा हे ईजीआर व्हॉल्व्ह ठरवतो. मोटारींच्या डिझेल इंजिनांत हलक्या भारावर हे प्रमाण आत जाणाऱ्या एकूण वायूच्या जवळजवळ निम्म्यापर्यंत जाऊ शकते. पेट्रोल इंजिनांत ते पुष्कळच कमी असते.

आता आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनाकडून सगळी ताकद मागितली जाते, तेव्हा निरोगी व्हॉल्व्ह आपणहून मिटतो, कारण त्या वेळी इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते. म्हणजेच व्हॉल्व्ह नीट चालत असेल, तर तो कायमचा बंद करून इंजिनाच्या कमाल ताकदीत काहीही भर पडत नाही. आपल्या मित्राला फरक जाणवला तो खराच असणार. त्याचा व्हॉल्व्ह काजळीने अडकून नको तेव्हा उघडा राहत असेल, तर चकती बसवल्यावर ताजी हवा पूर्ववत मिळू लागली आणि इंजिन मोकळे झाले. परंतु व्हॉल्व्ह साफ केला असता किंवा बदलला असता, तरी त्याला हाच फरक जाणवला असता. चकतीने त्याला जास्तीचे काहीच दिलेले नाही.

काळ्या धुराविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक गाडीमालकांची फसगत इथेच होते. ज्वलनात ऑक्सिजन कमी पडला की काजळी वाढते, आणि त्यामुळे ईजीआर बंद केल्यावर काळा धूर कमी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. धूर दिसेनासा झाला म्हणून गाडी स्वच्छ झाली असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात त्याच वेळी नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण कितीतरी वाढलेले असते, पण सायलेन्सरमधून ते बाहेर पडताना डोळ्यांना काहीच दिसत नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे जे प्रकरण उघडकीस आले, ते याच अदृश्य वायूचे होते. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये अशी आज्ञावली आढळली, जी चाचणीच्या वेळी प्रदूषण नियंत्रण चोख ठेवत असे आणि रस्त्यावर ते ढिले सोडत असे. त्यांतील काही गाड्या रस्त्यावर अमेरिकेतील मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या, असे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले होते. चालकांना गाडीच्या वागण्यात काहीच वावगे जाणवत नव्हते. वर्दळीच्या रस्त्यावर आपल्या मागे उभा असलेला दुचाकीस्वार किंवा पदपथावरून चाललेले मूल हाच वायू श्वासावाटे आत घेत असते, आणि माझ्या विरोधाचे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण यांत्रिक आहे. इंजिनाचा संगणक हवेचे मोजमाप करणाऱ्या सेन्सरवर सतत लक्ष ठेवून असतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर आत येणारी ताजी हवा कमी व्हायला हवी. चकतीमुळे ती कमी झाली नाही, की वायूचा प्रवाह अपुरा असल्याचा पी ०४०१ हा कोड नोंदवला जातो, दिवा लागतो आणि अनेक गाड्यांत इंजिनाची ताकद मुद्दाम मर्यादित केली जाते. म्हणून मग चकतीपाठोपाठ संगणकातील आज्ञावली बदलण्याची गरज पडते. ती कोणी, कुठून मिळवली आणि तिच्यात आणखी काय काय बदलले आहे, हे मालकाला कळण्याचा मार्ग नसतो. त्यातून एखादी खरी बिघाडाची सूचनाही कायमची मुकी होऊ शकते. युरियाचे द्रावण वापरून धूर शुद्ध करणाऱ्या गाड्यांत तर वाढलेल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळे सगळा भार त्या यंत्रणेवर पडतो. कायद्याच्या दृष्टीनेही प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करणे अनेक देशांत बेकायदेशीर ठरते आणि कंपनीची वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यावरही पाणी सोडावे लागते.

आता काय करावे ते सांगतो. सर्वांत आधी स्कॅनर लावून नोंदवलेले कोड वाचून घ्यावेत. पी ०४०२ असेल तर वायूचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त आहे, म्हणजे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, असा संशय बळावतो. मात्र केवळ कोडवर विसंबून भाग बदलू नये. स्कॅनरवर व्हॉल्व्हला दिलेली आज्ञा आणि त्याची प्रत्यक्ष स्थिती शेजारी शेजारी पाहता येते. आज्ञा पूर्ण मिटण्याची असताना तो थोडा उघडाच दिसत असेल, तर दोषी सापडला. दोन्ही आकडे जुळत असतील तर टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारे रबरी पाइप फाटले आहेत का, एअर फिल्टर तुंबला आहे का, हवा मोजणारा सेन्सर मळला आहे का, इंजेक्टर नीट फवारत आहेत का, हे तपासावे. थबकणे, गचके आणि काळा धूर ही लक्षणे यांपैकी कशानेही उद्भवू शकतात. फाटक्या पाइपवर आणि चोंदलेल्या फिल्टरवर ईजीआर बंद करून काहीच साधत नाही. तात्पुरती चकती बसवून गाडी थोडी चालवून पाहणे ही परीक्षा म्हणून मला मान्य आहे, परंतु निदान झाले की ती काढलीच पाहिजे.

व्हॉल्व्ह साफ करण्याचे काम थंड इंजिनावर करावे. तो उतरवल्यावर आत जे दिसते ते पाहण्यासारखे असते : सायलेन्सरच्या बाजूला कोरडी, भुसभुशीत काजळी, आणि इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाच्या, बाजूला डांबरासारखा चिकट काळा थर. इंजिनाच्या पोटातून येणारी तेलाची वाफ या काजळीत मिसळते आणि तिचे असे लुकण बनते. व्हॉल्व्हची टोपी ज्या बैठकीवर टेकते, तिथे या थराची बारीकशी खपली अडकली तरी वायू सतत गळत राहतो. कार्बन विरघळवणारा फवारा मारून, थर मऊ होऊ देऊन, मऊ ब्रशने तो काढावा. विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची मोटर आणि जोडणीचा प्लग द्रावणात बुडवू नये, दांडी पक्कडीने ओढू नये आणि सुटलेली खपली इनटेकमध्ये पडू देऊ नये. पाइप आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ) तसेच तुंबलेले ठेवून एकटा व्हॉल्व्ह चकचकीत केला, तर काम अर्धेच होते. गॅस्केट नवीन घालावे आणि जोडणी झाल्यावर स्कॅनरने व्हॉल्व्हची मूळ स्थिती संगणकाला पुन्हा शिकवावी. ही शेवटची पायरी वगळल्यामुळे 'साफ करूनही फरक पडला नाही' अशा तक्रारी येतात. दांडी सैल झाली असेल किंवा मोटर क्षीण झाली असेल तर व्हॉल्व्ह बदलण्याला पर्याय नाही. त्याच वेळी परत येणारा वायू कूलंटने थंड करणारा ईजीआर कूलरही पाहून घ्यावा. कूलंट कारणाशिवाय कमी होत असेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर कूलर आतून गळत असण्याची शक्यता आहे आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाही.

जवळजवळच्या, थांबत थांबत होणाऱ्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही आणि काजळी लवकर साचते. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवणे आणि योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलणे, एवढे केल्यास साफसफाईची वेळ बरीच लांबते.

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीत ईजीआर व्हॉल्व्हकडे जाणारा व्हॅक्यूमचा बारीक पाइप मेकॅनिकने काढून बंद केला. तेव्हापासून उभी असताना गाडी शांत चालते, परंतु चढावर इंजिनातून खडखड असा आवाज येतो. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : दाट शक्यता आहे. पेट्रोल गाडीत ठिणगी किती आधी पडावी हे ठरवताना जळका वायू आत येणार हे गृहीत धरलेले असते. तो येईनासा झाला की ज्वलन जास्त वेगाने आणि जास्त तापमानाला होते, आणि उरलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटते. आपल्याला ऐकू येते ती खडखड त्याची आहे. ही खडखड टिपणारा नॉक सेन्सर असलेल्या गाड्यांत संगणक ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो, पण त्यात ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही घटतात. सेन्सर नसलेल्या जुन्या गाडीत हा मारा थेट पिस्टनवर होतो आणि तो दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टन फुटूही शकतो.

पाइप परत जोडण्याआधी एक परीक्षा करून घ्यावी. इंजिन गरम करून ते उभ्या स्थितीत चालू ठेवावे आणि हातपंपाने व्हॉल्व्हच्या पडद्याला व्हॅक्यूम द्यावा. इंजिन अडखळले किंवा बंद पडले, तर व्हॉल्व्ह उघडतो आहे आणि मार्गही मोकळा आहे. काहीच फरक पडला नाही, तर पडदा फाटला आहे किंवा मार्ग कार्बनने भरला आहे. पंप काढल्यावर इंजिन पुन्हा शांत झाले, म्हणजे व्हॉल्व्ह मिटतो आहे. तसे असेल तर पूर्वीची थरथर व्हॅक्यूम चुकीच्या वेळी पोहोचवणाऱ्या सोलेनॉइडमुळे (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेमुळे) होती असे समजून तो तपासावा. तोवर चढावर खालचा गिअर वापरावा आणि इंजिनावर जोर पडू देऊ नये.