मोटर नुसती झटके देते, फिरत नाही

प्रश्न: १२ व्होल्टची डीसी मोटर घेतलीय, लेबलवर १.५ अँपिअर लिहिलंय. घरातला २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर मोटर टक टक करून झटके देते पण फिरत नाही, हाताने ढकलली की मग मस्त चालते. ५ किंवा १० अँपिअरचा सप्लाय लावला तर मोटर जळेल का?

उत्तर: नाही जळणार, ती भीती आधी काढून टाका. सप्लायवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, मोटर ओढणार तिला लागतो तेवढाच करंट. जुळायला हवं ते व्होल्टेज, तिथे १२ च्या जागी २४ लावलं तर मात्र खरंच वाट लागेल.

आता झटके का, तर लेबलवरचे १.५ अँपिअर मोटर फिरत असतानाचे आहेत. फिरताना ती स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते, म्हणजे बॅक ईएमएफ, आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो, पण उभ्या मोटरमध्ये हे शून्य असतं, म्हणून पहिल्या क्षणी करंट अडवायला फक्त वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स उरतो. तो मल्टिमीटरने मोजा, शाफ्ट थोडा थोडा फिरवत चार-पाचदा बघा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. समजा १.५ ओहम आला तर १२ भागिले १.५, म्हणजे सुरुवातीला ८ अँपिअर! तुमचा अडॅप्टर ओव्हरलोड बघून बंद होतो, परत चालू होतो, परत बंद, तेच ते झटके.

माझं मत विचाराल तर आकडा एवढा आला तर सरळ १० अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) घ्या. सॉफ्ट स्टार्टवाला पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे सप्लाय भराभर चालू-बंद करून मोटरला हळूहळू वेग देणारं सर्किट, मध्ये टाकला तर ५ चाही चालून जातो, फक्त लोड सुरुवातीलाच जड असेल तर त्या भरवशावर राहू नका. आणि हो, मोठा सप्लाय मोटर जाळत नाही पण अडकलेली मोटर त्याच्यावर नक्की जळते, कारण तो बिनतक्रार ८ अँपिअर देत बसतो, म्हणून मोटरच्या वायरमध्ये ३ अँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज (क्षणभराचा जादा करंट सोसणारा) टाकाच.

मोटर सारखी उलटसुलट फिरवायची असेल तर बॅटरी बरी, ब्रेक लागताना मोटर जनरेटर होऊन करंट मागे ढकलते, बॅटरी तो पिऊन टाकते आणि एसएमपीएस बरेचदा व्होल्टेज वाढलं म्हणून ट्रिप होतो.