डिश लावायची कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गुहागरहून): सर, बाजारातल्या दुकानात फायबर आहे, तिथून 2 किलोमीटरवर बागेतल्या घरी डिश लावून 5.8 गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक टाकलीय. मे महिन्यात झकास चालली, जूनपासून रडतेय. पावसाने सिग्नल अडतो का?

उत्तर: पावसाला उगाच बदनाम करताय. एवढ्या अंतरात 5.8 ला पडणारा पाऊस फारसं काही खात नाही (60 गिगाहर्ट्झ असतं तर गोष्ट वेगळी), खातात ती ओली पानं. आता तुम्ही म्हणाल समोरचा पोल तर स्वच्छ दिसतो, पण रेडिओला नुसती नजरेची रेघ पुरत नाही, त्या रेघेभोवती मधे फुगलेला मोकळा पट्टा लागतो, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात, आणि तुमच्या लिंकला मध्यावर त्याची त्रिज्या भरते साधारण 5 मीटर, त्यातले निदान 60 टक्के म्हणजे 3 मीटर तरी मोकळे हवेतच. आंब्याचा शेंडा रेघेच्या मीटरभर खाली असेल तर कोरड्या दिवसांत भागून जातं, भिजला की बोंब.

तपासायचं कसं? उघडीप बघून समोरच्या माणसाला आरशाने तुमच्याकडे कवडसा पाडायला सांगा. वरून दिसणारच. मग दोघंही शिडीवरून 3 मीटर खाली उतरा, तरी दिसला तर खालून जागा आहे, नाही दिसला तर झाड मधे येतंय. झाड मध्यावर असेल तर एकच पोल 4 मीटर वाढवून तिथे फक्त 2 मीटर मिळतात हे लक्षात ठेवा, झाड ज्याच्या जवळ तो पोल वाढवणं स्वस्त पडतं. आणि दोन वर्षांची वाढ आत्ताच धरा, कलम काय थांबून राहणार नाही.

प्रश्न (पुण्याहून): सोसायटीच्या गच्चीवर 5जी एअरफायबरचा (मोबाईल टॉवरवरून येणारं घरचं इंटरनेट) बाहेरचा युनिट बसवायचाय. टेक्निशियन म्हणतो टाकीवर सगळ्यात उंच लावू, फुल रेंज येते. बरोबर ना?

उत्तर: रेंजच्या दांड्या बघूच नका. आरएसआरपी म्हणजे सिग्नल किती जोरात येतोय (उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त) आणि एसआयएनआर म्हणजे तो गोंगाटातून किती स्वच्छ येतोय (आकडा मोठा तितका चांगला), आणि माझ्या मते दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. आरएसआरपी उणे 85 पण एसआयएनआर 3, यापेक्षा उणे 97 आणि 18 ही जागा मी डोळे झाकून घेईन. टाकीवरून चार टॉवर एकदम दिसतात आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, त्याउलट जिन्याच्या खोलीच्या भिंतीआड, जिथून आपला टॉवर दिसतो आणि बाकीचे झाकले जातात, तिथे कधीकधी मस्त चालतं. फक्त भरलेली टाकी किंवा पत्रा समोर नको.

5जी फोनवर नेटवर्कचं ॲप टाकून गच्चीच्या प्रत्येक कोपऱ्यात मिनिटभर थांबा, आकडे लिहा. फोन आणि युनिटचा अँटेना वेगळा, त्यामुळे आकडा तंतोतंत येणार नाही पण कुठला कोपरा बरा ते कळतं. स्पीड टेस्ट मात्र रात्री 9 नंतर करा, दुपारी अख्खी सोसायटी ऑफिसात असते.

प्रश्न: 5 किलोमीटरची लिंक, दोन्हीकडे 23 डीबीआयच्या डिश (डीबीआय म्हणजे डिश सिग्नल किती एकवटते त्याचं माप), रेडिओची पॉवर 25 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप). समोर सिग्नल उणे 68 डीबीएम आला, चालतंय. अजून फिरवू का?

उत्तर: फिरवाच. 5.8 गिगाहर्ट्झ धरून हिशोबाने उणे 51 च्या आसपास यायला हवा, दोन-चार डीबी इकडेतिकडे ठीक, 17 नाही. वाट मोकळी असेल तर बहुतेक बाजूच्या लोबवर, म्हणजे डिशच्या मुख्य झोताशेजारच्या कमजोर झोतावर, बसलात. एका वेळी एकच डिश हलवा, आहे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना भरपूर पुढे नेऊन बघा, मग वरखालीही. वरखाली बघायचं बहुतेक सगळे विसरतात.

प्रश्न: पोलला अर्थिंग केलं म्हणजे विजेची काळजी नाही ना?

उत्तर: आहे. थेट वीज पडली तर अर्थिंगने उपकरण वाचत नाही, अर्थिंग असतं जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्यासाठी. पोलचं आणि इमारतीचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असू द्या, केबल शील्डवाली घ्या, केबल घरात शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं यंत्र) लावा. भिंतीत घुसण्याआधी केबलला खाली एक लोंबता वळसा द्या, नाहीतर पाणी सरळ ॲडॉप्टरपर्यंत येतं. आणि परतीच्या पावसात गडगडायला लागायच्या आधीच ॲडॉप्टरचा प्लग काढा, नेटची केबलही काढा.