चोक सोडला की बंद पडणारे यंत्र

प्रश्न : बंगल्यामागचे गवत कापण्याचे आमचे जुने पेट्रोल यंत्र पावसाळाभर पडून होते. आता चोक ओढल्यावर ते सुरू होते, पण चोक सोडताच बंद पडते. कार्बोरेटर बदलावा का?

उत्तर : एवढ्यात बदलू नका. चोक हवा अडवून कार्बोरेटरमध्ये होणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढवतो. त्यामुळे यंत्र केवळ चोकवर चालत असेल, तर बहुधा मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल ज्या बारीक भोकातून येते तो छोटा भाग, तुंबलेले असते. साठलेले पेट्रोल उडून जाऊन मागे चिकट राळ उरते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओल शोषून घेते, तो त्रास वेगळाच. प्रथम स्पार्क प्लगची टोपी काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि मगच, मोकळ्या हवेत, कार्बोरेटरखालची वाटी उघडा. काही कार्बोरेटरांत वाटी आवळणारा बोल्टच जेट असतो, हे लक्षात असू द्या. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून तांब्याच्या वायरीतील एका बारीक तारेने मोकळे करावे. सुई खुपसण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने भोक मोठे होऊन यंत्र पेट्रोल पिऊ लागते. उजेडाकडे धरल्यावर भोक स्वच्छ, गोल दिसले पाहिजे. फ्लोट, म्हणजे वाटीतील पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग, कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खुळखुळले, तर तो मात्र नवाच घ्यावा लागेल.