दिवाळीत मुलांना लाटांवर नेताना

पुणे

चि. यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास. दिवाळीच्या सुट्टीत दोघा मुलांना सर्फिंग शिकवायला नेणार म्हणालास आणि पाठोपाठ विचारलंस, हॉटेल कुठलं बघू? हॉटेल सगळ्यात शेवटी बघ. आधी मुलं, मग समुद्र, मग राहायची सोय.

तुला पाण्यात मीच उतरवलं, म्हणून हक्कानं लिहिते. थोरला तलावात चार फेऱ्या न थांबता मारतो, हे मी रोज बघते. पण तलावाला कडा असते. दमलं की पोराचा हात आपोआप कडेकडे जातो. पुण्याच्या मुलांना ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की त्यांना स्वतःलाही ती जाणवत नाही. समुद्रात तो हात रिकामा राहतो आणि मूल घाबरतं. म्हणून पुढचे दीड महिने त्याच्या फेऱ्या मोजू नकोस. खोल बाजूला, कडेला न शिवता, दहा मिनिटं पाठीवर शांत पडून राहता येतं का, ते बघ. पाण्याखाली कोलांटी मारून वर आल्यावर नाकातोंडात पाणी गेलं तर खोकून, श्वास लावून पुन्हा तरंगता येतं का, ते बघ. हे जमलं की निम्मं सर्फिंग पुण्यातच झालं.

बोर्डवर उभं राहण्याचा सराव घरी चटईवर होतो. दोघांना सूर्यनमस्कार येतात ना? भुजंगासनात हात जिथे टेकतात तिथेच, छातीच्या बाजूला, तळवे टेकायचे आणि एका झटक्यात पाय खाली घेऊन उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. पायांकडे बघितलं की तोल गेलाच. गच्चीत रोज वीस वेळा करू दे.

धाकटीचं वेगळं आहे. तिला अजून खोल पाण्याची धास्ती आहे आणि सात वर्षांच्या मुलीला ती असावी. यंदा तिच्यासाठी लाट फुटून किनाऱ्याकडे येणारं फेसाळ पाणी पुरे. तिच्या कंबरेइतकं, आणि शिकवणारा हाताच्या अंतरावर. तिनं "नको" म्हटलं तर वाळूत किल्ला करू दे. "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य तिच्या कानावर पडता कामा नये.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही एका किनाऱ्यावर गेलो होतो. तिथे सात मुलांमागे एकच शिकवणारा होता आणि ते मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं. पैसे भरून झाले होते, म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ती बोर्ड पोटासमोर आडवा धरून पाण्यात उभी होती. लाट आली आणि बोर्ड उसळून तिच्या तोंडावर आदळला. वरचा ओठ फुटला, सुदैवानं दात वाचले. ती रडली नाही, ओठावर तळहात दाबून माझ्याकडे चालत आली आणि बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं. पुढची दोन वर्षं ती समुद्राकडे पाठ करून बसायची. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मधे धरायचा नाही, तो बाजूला ठेवून त्याचं टोक लाटेकडे करायचं, एवढंच तिला कुणी सांगायला हवं होतं. तू हे मुलांना इथूनच पाठ करून ने. पडताना पोटावर किंवा पाठीवर आडवं पडायचं, डोकं खाली करून सूर मारायचा नाही, आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर, हेही.

म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचार, एका शिकवणाऱ्यामागे मुलं किती? दोनपेक्षा जास्त असतील तर दुसरीकडे बघ. बोर्ड मऊ फोमचे आहेत का, घोट्याला बांधायचा पट्टा मुलांच्या मापाचा आहे का, पाण्यात उतरण्याआधी वाळूवर धडा होतो का आणि पाण्यातून माणूस काढण्याचं प्रशिक्षण कुणाकडे आहे, हेही विचार. जो या प्रश्नांना कंटाळेल, त्याच्याकडे मुलं सोपवू नकोस.

जागेचं म्हणशील तर माझा कौल कर्नाटकच्या किनाऱ्यावरल्या मुल्कीला. भारतातला पहिला सर्फ क्लब तिथेच निघाला, २००४ साली. पनवेलहून कोकण रेल्वेनं एका रात्रीत उडुपी गाठता येतं, तिथून मुल्की तीसेक किलोमीटर. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते, त्यामुळे धाकटीला नदीच्या संथ पाण्यातही बोर्डवर बसवता येईल. गाडीनं सातशेहून जास्त किलोमीटर पडतात. मुलांचा पहिला दिवस आंबून जातो, तेव्हा रेल्वेच बरी.

आता दिवस. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे समुद्राला उधाण. भाऊबीज घरी करा आणि मग निघा. पंचमीपासून दशमीपर्यंत भांगाचे दिवस, पाणी फार चढत-उतरत नाही. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. थोरल्याला कालनिर्णय घेऊन हे मांडायला बसव, त्याला आवडेल. दक्षिणेला वेळ थोडी सरकते, तेव्हा नेमकी तिथल्या माणसांना विचारायची.

पाण्यात उतरायचं ते सकाळी सात ते नऊ. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलास ना, ते इथे दिसतात. सकाळी जमिनीवरून वाहणारा मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारकडे खारा वारा सुटला की सगळं खळबळतं. दिवसाला एकच धडा. पाणी कोमट असलं तरी मुलांचे ओठ लवकर निळे पडतात, तेव्हा कोरडा टॉवेल, लांब बाह्यांचा लायक्राचा शर्ट आणि शेंगदाण्याचे लाडू हाताशी ठेव. पाच दिवस राहणार असशील तर धडे तीनच घे. उरलेले दोन दिवस मोकळे राहू देत.

मुलांच्या आईला पोहता येत नाही, म्हणून तिला नुसतं सामान सांभाळायला बसवू नकोस. किनाऱ्यावरून बघणारं माणूस लागतंच. फोन पिशवीत, डोळे दोघांच्या डोक्यांवर. जिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधेच एक पट्टा सपाट, शांत दिसतो, तिथे पाण्याला आत ओढ असते. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. ती पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याकडून ओळखायला शिका, चौघंही. ओढीत सापडलंच तर बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. बोर्डवर पडून हात वर करायचा. पोहायचंच झालं तर किनाऱ्याला समांतर.

थोरला ऑलिंपिकच्या लाटा बघून पेटलाय, ते ठाऊक आहे मला. २०२४ चं सर्फिंग ताहितीला झालं, प्रवाळाच्या खडकावर फुटणाऱ्या लाटांवर. त्याच्या वाट्याला या वर्षी गुडघाभर फेस येणार आहे, हे त्याला आत्ताच सांग. फेसावर दोन सेकंद उभा राहिला तरी तो रात्रभर तेच बोलत राहील. माझी मुलगी अकराव्या वर्षी परत पाण्यात गेली, तेव्हा तीही बोलत होती.

तू स्वतःही एक धडा घे. तू आपटताना मुलांना दिसलास की त्यांची भीती निम्मी होते.

शनिवारी सकाळी सातला दोघांना तलावावर घेऊन ये. धाकटीला मी स्वतः खोल बाजूला नेते. तिची टोपी गेल्या वेळी इथेच राहिली, माझ्या कपाटात आहे.

तुझी
मावशी